मामाची भट्टी आणि शुक्र

मामा,

आधी माफी मागतो. गेलेल्या माणसावर लिहायचं ते लिहिणाऱ्यांनी, आणि तेही नाव झालेल्या माणसांवर, अशी माझी समजूत आहे. आमच्या कॉलेजच्या वार्षिकाचे विद्यार्थी-संपादक आहेत, त्यांना मी भीतभीत विचारलं की माझ्या मामांवर चार पानं लिहिली तर चालतील का. ते म्हणाले, "कोण होते मामा?" मी म्हणालो, "मुळशीच्या डोंगरात कोळसा पाडायचे." ते म्हणाले, "लिहा, बघू." तेवढ्या 'बघू'वर मी लिहायला बसलो आहे. त्यांनी छापलं नाही तरी मला लिहायचंच आहे, पण ते का, हे पुढं येईल.

लिहायला बसलो तेव्हा वरती 'तीर्थस्वरूप मामा यांस' असं घातलं आणि खाली 'तुम्ही' लिहीत गेलो. दोन ओळी झाल्या आणि वाटलं, हे दुसरेच कोणी गृहस्थ आहेत, कोट घातलेले. तो कागद फाडला. मी तुला जन्मभर 'तू'च म्हणालो. उलट तूच मला कॉलेजात गेल्यापासून 'भाचेबुवा, तुमी' करायचास, चिडवायला. ते तसंच राहू दे.

तू कसा गेलास, किती दिवस अंथरुणावर होतास, मागं कोण कोण आहे, हे मी लिहीत नाही. ते वाडीला माहीत आहे. मला लिहायचं आहे ते शुक्राबद्दल, आणि शुक्रावरून मी तुझ्याशी जे खोटं बोललो त्याबद्दल. ते खोटं तू असताना मी मागं घ्यायला हवं होतं. दोन वर्षं मिळाली होती मला. घेतलं नाही.

तुला आठवत असेल, कॉलेजच्या पहिल्या वर्षी नाताळच्या सुट्टीत मी आधी आमच्या घरी न जाता सरळ तुझ्याकडं आलो होतो. पौडपर्यंत एस.टी., पुढं मिळेल त्या वाहनानं, आणि शेवटी धरणाच्या कडेनं पायी. भात निघालं होतं आणि तू डोंगरात भट्टीवर होतास. मामीनं माझ्या हातात तुझी भाकरी देऊन मला वर पाठवलं. वर पोचलो तर तू भट्टीवर तळहात ठेवून उभा होतास, आजारी पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. मी आलो ते पाहिलंस, पण हात काढला नाहीस. म्हणालास, "थांब, हिचं आयकू दे."

आमच्या वर्गातल्या मुलांनी कोळशाची भट्टी पाहिलेली नाही, म्हणून दोन ओळी तिच्याबद्दल लिहितो. तुला हे शिकवायला निघालो असं समजू नको. लाकडं उभी, गोल रचायची. त्यावर ओला पाला आणि त्यावर बोटभर जाडीची माती, अशी की आतलं काही दिसू नये. मध्ये ठेवलेल्या पोकळीतून वरून निखारे टाकायचे आणि तोंड बुजवायचं. मग बुडाशी चारदोन भोकं ठेवून हवा द्यायची, तीही मोजून. हवा जास्त झाली तर लाकडाची राख होते, कमी झाली तर लाकूड कच्चं राहतं. आठवडाभर ती अशी बसून असते, पांढऱ्या धुरात गुरफटलेली. बाहेरून हात लावला तर नुसती कोमट लागते. आणि आतलं तापमान सांगायला तुझ्या डाव्या पायाची तीन बोटं होती, म्हणजे नव्हती. तरुणपणी तू एकदा माती दाबायला वर चढलास आणि पाय आत गेला. त्यामुळे मला तू भट्टीवर कधी चढू दिलं नाहीस. मी हट्ट केला की म्हणायचास, "खालनंच बघ. तुला धा बोटांवर उभं राहून फळ्यावर लिवायचंय."

त्या दिवशी दिवेलागणीला आपण दोघं भट्टीच्या वाऱ्याच्या बाजूला बसलो होतो. सूर्य कोकणाकडं उतरला होता आणि धरणापलीकडच्या डोंगरावर शुक्र लागला होता, इतका मोठा की मला वाटलं कोणी तरी तिकडच्या खिंडीत कंदील धरला आहे. तू म्हणालास, "चांदनी काय झाक दिसती." आणि मला राहवलं नाही. सहा महिन्यांची विद्या होती माझ्यापाशी, ती कुठं तरी ओतायची होती.

मी म्हणालो, "मामा, ती चांदणी नाही. ती आपल्यासारखी जमीन आहे. दगडाची. आकारानं जवळजवळ आपल्या पृथ्वीएवढी, आणि आपल्या शेजारची."

"जमीन हाय तर चमकती कशी?"

"तिच्यावर पांढरे ढग आहेत. सगळीकडून. कुठं फटसुद्धा नाही. त्यावर ऊन पडतं ते दिसतं आपल्याला."

"मंग खाली काय हाय?"

"ते कोणी पाहिलेलं नाही."

तू एकदम माझ्याकडं वळून बसलास. "कुनी म्हंजी? सायबानं बी न्हाई?"

"साहेबानंही नाही. मोठ्यात मोठ्या दुर्बिणीतून नुसते ढगच दिसतात."

"आसं व्हय," तू म्हणालास आणि खूश झालास. "मंग हितं आपून समदी बरोबरीत हावोत."

मामा, तुझं हे वाक्य मला तेव्हा नुसतं गमतीचं वाटलं. आता वाटतं, कॉलेजात दोन वर्षं पुस्तकं वाचून मला जे धैर्य आलं नाही ते तुला त्या एका वाक्यात आलं होतं. कोणी पाहिलेलं नाही, म्हणजे आपल्यालाही विचार करायला मोकळीक आहे. मी मात्र विचार करत नव्हतो, पुस्तकातलं म्हणून दाखवत होतो. लायब्ररीतल्या एका पुस्तकात वाचलं होतं की एवढे ढग म्हणजे खाली भरपूर पाणी असणार, कदाचित सगळा समुद्रच, कदाचित दलदल आणि त्यात दाट झाडी. मी ते तुला सांगितलं. वर आपल्याकडचा दाखलाही दिला. म्हणालो, "थंडीत सकाळी धरणावर पांढरं धुकं बसतं की नाही? त्याच्याखाली काय असतं? पाणी. तसंच तिकडं."

तू काठीनं भट्टीकडं दाखवलंस. "ही बी पांढरीच हाय की. हिच्याखाली पानी हाय का?"

मी हसलो. "अरे, भट्टी माणूस लावतो. तिथं कोणी पेटवली?"

काठी उचलून तू सूर्य गेला त्या बाजूला रोखलीस. "त्यो काय, आत्ता गेला त्यो. ही बया कायम त्याच्या मागं न्हाईतर म्होरं. येवढ्या जवळ बसायचं आन् वर वाकाळ पांघरायची. गार कशी ऱ्हाईल?"

"पण ढग आले की सावली पडते. गारवा येतो."

"उनात उभं ऱ्हायल्याला येतो. पर थंडीच्या दिसात राती आभाळ आलं, तर थंडी वाढती का मोडती?"

मला उत्तर माहीत होतं. आपल्याकडं पोरासोरांना माहीत आहे. आभाळ आलं की थंडी मोडते. पण ते उत्तर दिलं तर वाद तुझ्याकडं जात होता, म्हणून मी म्हणालो, "ते वेगळं." तू म्हणालास, "काय येगळं ते सांग की." मग तूच तोड काढलीस. "आसं कर. तुझ्या सरास्नी इचार. आमचा मामा म्हनतो, झाकल्यालं हाय म्हंजी आत धग आसंल. खरं का खोटं?"

आणि मग तू ते माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलंस. तुझी ती रीतच होती. कोणाबरोबर तोंडी निरोप पाठवायचा तर त्याच्याकडून तो दोनदा म्हणवून घ्यायचा, म्हणजे वाटेत सांडत नाही. मी दोनदा म्हटलं. 'झाकलेलं आहे म्हणजे आत धग असेल.' तू म्हणालास, "जा आता. जेवून घे."

आमचे पदार्थविज्ञानाचे सर आठवड्यातून एकदा तास संपताना पुस्तक मिटून म्हणतात, "विचारा काही." कोणी फारसं विचारत नाही. सुट्टीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात सरांनी पुस्तक मिटलं आणि मी बाकावरून अर्धा उठलो. खरंच उठलो होतो, मामा. सरांचं लक्ष गेलं. "हं, काय?"

त्या क्षणी मला काय झालं ते लिहायला अजून जड जातं. महिनाभरापूर्वी मी वर्गात मोठ्यानं वाचताना 'पाणी'ला 'पानी' म्हणालो होतो आणि मागच्या बाकावरून हसू आलं होतं. आता मी उठून 'आमचे मामा कोळसा पाडतात, ते म्हणतात' असं सुरू करणार होतो. माझ्या शर्टाला तुझ्या भट्टीचा वास अजून होता, दोनदा धुतला तरी. मला वाटलं, तो वास आत्ता सगळ्या वर्गाला येतो आहे.

मी म्हणालो, "काही नाही सर."

बसलो. पुढच्या आठवड्यात विचारू, असं ठरवलं. पुढच्या आठवड्यात तेवढंही उठलो नाही.

होळीला वाडीत आलो. तू अंगणात होतास. मी चपला काढायच्या आत तू विचारलंस, "काय म्हन्ले सर?"

मी म्हणालो, "सर म्हणाले, नाही. पाणीच असणार."

इतकं सोपं होतं ते. मला वाटलं होतं तू वाद घालशील, मग मीही नीट विचारीन. "व्हय?" म्हणालास. मग म्हणालास, "सरांनी भट्टी बघितल्याली हाय का कधी?"

"नसेल."

"हां," तू म्हणालास. आणि मग तू हसलास आणि आत हाक दिलीस, "आयकलं का गं, भाच्यानं हरवलं मला. पार पुन्याच्या सरांकडनं निकाल आनला."

तू हरल्याचं वाईट वाटून घेतलं असतंस तर मी त्याच संध्याकाळी खरं सांगून टाकलं असतं, अशी मी स्वतःची समजूत घालत आलो आहे. पण तुला वाईट वाटलंच नाही. तू त्या हरण्याची मिरवणूक काढलीस. देवळासमोर बसलेल्यांना सांगितलंस, गिरणीत सांगितलंस, भट्टीचा कोळसा न्यायला आलेल्या गाडीवाल्याला सांगितलंस. "मी म्हनत व्हतो शुक्रावं धग हाय. ह्यो म्हनला पानी. सरांनी ह्याची बाजू धरली. बहिनीचं पोर हाय, पर डोकं बघा." आणि लोक माझ्याकडं बघायचे. मी खाली बघायचो. त्यांना वाटायचं, पोरगं विनयशील आहे.

त्याच्या पुढच्या पावसाळ्यात पुण्याला पूर आला, कॉलेज उशिरा उघडलं, माझी वह्या-पुस्तकं एका मित्राच्या खोलीत होती ती गेली. या सगळ्या धांदलीत शुक्र मागं पडला, असं मी म्हणू शकतो. पण ते खरं नाही. मला तो पहाटे पूर्वेला दिसायचा. मी दुसरीकडं बघायचो.

आणि मग ती अष्टग्रही. ते दिवस तू कसे काढलेस ते आठवलं की मला अजून हसू येतं. आठ ग्रह एका राशीत येणार, जग बुडणार, म्हणून गावोगाव यज्ञ आणि पारायणं चालली होती. आईनं मला निरोप धाडून बोलावून घेतलं, मरायचं तर सगळ्यांनी एकत्र, म्हणून. आम्ही सगळे वर तुमच्या वाडीत आलो. वाडी देवळात जमली होती. आणि तू भट्टीवर.

बाबू गुरव तुला न्यायला वर आला, तेव्हा मी तिथंच होतो. तो म्हणाला, "धोंडिबा, इजव ती आन् चल खाली. आठ गिरव येक व्हत्यात आन् तू हितं आनखी येक जाळून बसलायस."

तू म्हणालास, "भट्टी मधीच इजवता येत न्हाई बाबू. उद्याच्याला जग ऱ्हायलं तर माझ्या कोळशाची राख कोन भरंल?"

"थट्टा नको करूस. पंचांगात हाय."

"आसंल. पर माझ्या भाच्याला इचारलंय मी. काय रं?"

मी सांगितलं की काही होणार नाही. ते ग्रह एकमेकांपासून फार फार लांब आहेत, फक्त इथून बघताना ते एका बाजूला येतात. हे सरांनी खरंच वर्गात सांगितलं होतं आणि मी ते नीट समजून घेतलं होतं. बाबूला विश्वास ठेवायचा होता, पण भीती वाटत होती. तेव्हा तू त्याच्या खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, "ह्यो सरास्नी इचारल्याबिगार बोलत न्हाई. शुक्राचं बी असंच. मी छातीठोक सांगत व्हतो, पर ह्यानं जाऊन इचारलं आन् माझं खोटं निघालं. मंग ह्याचं खरं धराया नको?"

बाबू खाली गेला. तुझ्या त्या शब्दावर तो घरी जाऊन जेवला, असं नंतर त्याच्या बायकोनं सांगितलं. तीन दिवस त्याच्या पोटात अन्न नव्हतं.

मामा, मी त्या दिवशी खरं तेच बोललो होतो. पण त्या खऱ्याला जामीन कोण राहिलं, तर माझं आधीचं खोटं. तू गेल्यावर मला झोप लागली नाही ती या विचारानं. मी तेव्हा सांगणारही होतो. "मामा, ते शुक्राचं..." इथपर्यंत आलो होतो. तू म्हणालास, "थांब, धूर बदालला," आणि तीन बोटं नसलेल्या पायानं पळत गेलास आणि मातीचे गोळे घेऊन भोकं बुजवायला लागलास. निळा धूर यायला लागला होता. आता उशीर केला तर आतला कोळसा जळून जाणार होता. मीही धावत माती कालवून देऊ लागलो. हात माखले, डोळ्यांत धूर गेला, आणि मी तो प्रसंग सोडून दिला. मनात म्हटलं, नंतर.

त्या भट्टीचा कोळसा फार चांगला निघाला होता. तू एक तुकडा दुसऱ्यावर आपटून मला आवाज ऐकवलास, काचेसारखा. "जग बुडालं आसतं तर ह्यो कुनी आयकला आसता?" म्हणालास.

या पौषात तू गेलास. दिवस झाल्यावर मी पुण्याला परतलो आणि तिसऱ्या दिवशी सरांच्या खोलीशी जाऊन उभा राहिलो. ते प्रयोगशाळेला लागून असलेल्या खोलीत बसतात. आत जायला मला किती वेळ लागला ते शिपायाला विचारावं. त्यानंच शेवटी म्हटलं, "जा की राव, खात न्हाईत."

मी आत गेलो आणि म्हणालो, "सर, माझे मामा विचारतात, शुक्र झाकलेला आहे म्हणजे आत धग असेल. खरं का खोटं?"

'विचारतात' म्हणालो. 'विचारायचे' असं म्हणायला हवं होतं, पण ते तोंडातून निघालं नाही. हे माझं दुसरं खोटं, आणि त्याचाही हिशेब पुढं आहे.

सर हसले नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "मामा काय करतात?"

मी सांगितलं. मग त्यांनी मला बसवलं नाही, फळ्याशी उभं केलं आणि भट्टी काढायला सांगितली, मधोमध कापल्यासारखी. मी काढली. लाकडं, पाला, माती, भोकं. ते विचारत गेले. बाहेरून हाताला किती लागते? मातीचा थर किती जाड? भोकं सगळी बुजवली तर निवायला किती दिवस? निवायच्या आत उघडली तर? मी एकेकाचं उत्तर देत गेलो, आणि मध्येच माझ्या ध्यानात आलं की या इमारतीत मी इतका वेळ सलग कधी बोललो नव्हतो. 'पानी' म्हणालो असेन, दोनदा तरी. कोणी हसलं नाही. शिपाई दारात उभा राहून ऐकत होता. त्यानं सांगितलं, त्याचा बापही भट्ट्या लावायचा, वेल्ह्याकडं.

मग मी तुझा रात्रीच्या आभाळाचा प्रश्न सांगितला. थंडी वाढते की मोडते. सर खुर्चीत मागं टेकले.

ते म्हणाले, "हेच. नेमकं हेच काही शास्त्रज्ञ म्हणताहेत." आणि त्यांनी मला समजावलं ते तुला समजेल असं सांगतो. शुक्राकडून येणाऱ्या रेडिओच्या लहरी इथं पकडल्या तर त्या फार तापलेल्या वस्तूच्या असाव्यात तशा आहेत. म्हणजे धग आहे, एवढं काही वर्षांपासून कळलेलं होतं. भांडण होतं ते धग कुठली यावर. काही म्हणायचे, ती ढगांच्याही वरच्या विरळ हवेतली, खाली पाणी असायला हरकत नाही. काही म्हणायचे, ती खालच्या जमिनीची, कारण ऊन आत शिरतं आणि त्या पांघरुणामुळं ऊब बाहेर पडत नाही. म्हणजे तू आणि मी. मामा, दोन वर्षांपूर्वी भट्टीशेजारी बसून आपण जे भांडलो, तेच दुसरीकडं मोठमोठी माणसं भांडत होती, आणि आपल्याला ठाऊक नव्हतं. मी त्या दिवशी वर्गात उठून उभा राहिलो असतो तर तुला तेव्हाच कळलं असतं की तू एकटा नाहीस.

सरांनी सांगितलं की अमेरिकेनं पाठवलेलं एक यान नुकतंच शुक्राच्या जवळून गेलं आहे आणि धग वरची की खालची, हे पाहणारं उपकरण त्यावर होतं. निकाल अजून जाहीर नव्हता. "तुझ्या मामांना सांग, थोडं थांबा," सर म्हणाले. "आणि हंगाम संपला नसेल तर मला एकदा भट्टी बघायची आहे."

मी मान हलवली. दोन्हींना.

परीक्षेच्या तयारीची सुट्टी लागली तसा मी तुझ्या वाडीत आलो. मामीला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. वर्गातलं, होळीचं, बाबू गुरवाचं. ती चुलीपुढं बसली होती. मला वाटलं ती रडेल, किंवा मला बोलेल. तिनं भाकरी उलटली आणि म्हणाली, "मला काय सांगतुयास? ज्यास्नी सांगायचं त्यास्नी सांग."

"मामी, आता कसं सांगू?"

"लिवता येतंय न्हवं तुला? मंग? येवढं शिकवलं कशाला त्यास्नी?"

म्हणून लिहितो आहे. एवढंच कारण आहे, वार्षिक हे निमित्त.

तुला आवडेल असं आणखी एक. तू अर्धी रचून ठेवलेली भट्टी मामीनं पूर्ण केली. तुझा थोरला आणि ती, दोघांनी. मीही पाला आणून दिला, आणि यावेळी मला कोणी थांबवलं नाही तरी वर चढलो नाही. ती भट्टी परवा पेटली. मामी तिच्यावर तळहात ठेवते तो तुझ्यासारखाच, फक्त डावा. सरांना भट्टी बघायची आहे असं मी सांगितलं तर म्हणाली, "येऊ द्या की. पर पायात काय तरी घालून या म्हनावं." आणि मी ठरवलं आहे की पुढच्या वर्षी मुख्य विषय म्हणून पदार्थविज्ञानच घ्यायचं. आधी माझ्या मनात भीती होती की तो विषय आपल्यासारख्यांचा नाही. फळ्यावर तुझी भट्टी काढली त्या दिवसापासून ती कमी झाली आहे. गेली म्हणणार नाही, पण वर्गात आता मी पूर्ण उभा राहतो. आत्तापर्यंत तीन प्रश्न विचारले. एकाला मुलं हसली. सरांनी त्याचं उत्तर द्यायला सगळा तास घेतला.

इथपर्यंत लिहून मी काल कागद ठेवून दिला होता. शेवट कसा करावा ते सुचत नव्हतं. आज दुपारी आमच्या घरून धाकटा भाऊ इथं वाडीत आला. पोस्टमननं घरी टाकलेलं माझ्या नावचं एक कार्ड त्यानं खिशातून आणलं, घामानं ओलं झालेलं. सरांचं होतं. चार ओळी आहेत, आणि शेवटी लिहिलं आहे, 'मामांना ताबडतोब कळव. ते वाट बघत असतील.'

सरांना आजच उत्तर लिहिणार आहे, तू नाहीस हे स्पष्ट लिहून. आणि संध्याकाळी देवळापाशी जाईन. बाबू गुरव, गिरणीवाला, तो गाडीवाला आला की तोही. तू हरलास असं तू ज्याला ज्याला सांगितलंस त्या प्रत्येकाला सांगायचं आहे की सरांना मी तेव्हा विचारलंच नव्हतं. लाज वाटेल. वाटू दे. अष्टग्रहीचं मात्र खरं होतं, तेही सांगेन.

पण आधी तुला. निकाल लागला, मामा. यान शुक्राजवळून गेलं आणि त्यानं बघितलं. धग वरची नाही, खालच्या जमिनीची आहे. शिसं वितळेल इतकी. त्या पांढऱ्या ढगांखाली कुठंही पाणी नाही.